माफीचा नारळ

शिमग्यात पालखी दारात आली की लोकांना आनंद होतो. माझी अजून तळपायाची आग मस्तकात जाते. का, ते सांगते.

आमचं घर महाडकडच्या कापडे गावात. गावच्या देवाची पालखी घरोघरी फिरायची, आणि प्रत्येक अंगणात गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे त्या घराचं सुखदुःख मोठ्याने देवापुढे मांडायचं, हा मान माझ्या मोठ्या काकांचा. आवाज असा खणखणीत की खालच्या वाडीत ऐकू जाई. त्यांच्या दर वाक्याला सगळा गाव "होय महाराजा" म्हणायचा. इतरांच्या अंगणात गाऱ्हाणं पिकापाण्याचं, मुंबईला गेलेल्या पोराच्या नोकरीचं. आमच्या अंगणात आले की काका म्हणायचे, "ह्या घरच्या सुनंचं माह्यारच्या देवाचं काय ऱ्हायलं असल, तिच्या हातनं काय चूक झाली असल, तर माफी कर नि लेकराला सोडव रे महाराजा!"

"होय महाराजा!"

मग आईने पदर पुढे घेऊन एक वेगळा नारळ द्यायचा. त्याला माफीचा नारळ म्हणत. दरवर्षी. सख्ख्या दिराने, सगळ्या गावासमोर मागून घ्यायचा!

लेकरू म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला फिट यायची. आधी तापात आली, मग तापाशिवायही यायला लागली. डोळे वर, हातपाय ताठ, तोंडाला फेस. कुणी चप्पल हुंगवायचं, कुणी कांदा फोडून नाकाला लावायचं, कुणी मुठीत किल्ल्या कोंबायचं. आई तेवढी तिला कुशीवर वळवून शेजारी बसून राहायची, कारण महाडच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. गोळ्याही त्यांनीच चालू केल्या होत्या. गोळ्यांनी फिट कमी झाली की मोठेपणा नारळाचा, परत आली की दोष आईचा. असला हा न्याय!

आईचं माहेर वर कुडपणला, डोंगरमाथ्यावर. काकी सगळ्यांना सांगायची, "डोंगरावरनं कायतरी मागं लावून आणलंन." म्हणून आईचं माहेरी जाणं बंद. तिचे वडील वारले तेव्हासुद्धा तिला पाठवलं नाही. चुलीपाशी बसून रडली आणि सगळ्यांच्या भाकऱ्या थापल्या. गावात कुणाची ओटी भरायची असली की तिला बोलावणं नसायचं.

आणि बाबा? ते बिरवाडीजवळ कारखान्यात कामाला. यायचे, जेवायचे, आडवे व्हायचे. भाऊ अंगणात आपल्या बायकोला बोल लावतोय आणि ह्यांच्या तोंडात मिठाची गुळणी.

पुढे मी महाडला कॉलेजात जायला लागले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनीच आम्हाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी बहिणीचं, आईचं आणि बाबांचं रक्त घेतलं. असल्या तपासण्या तेव्हा नव्याच होत्या. निकाल यायला इतका वेळ लागला की आम्ही आशा सोडली होती.

शेवटी बोलावलं. बाई म्हणाल्या, "मेंदूतल्या पेशी एकमेकींना सारखे निरोप धाडत असतात. काही निरोप 'चालू दे' असे, काही 'पुरे, थांब' असे. 'थांब'चा निरोप घ्यायला पेशीवर एक प्रथिन असतं. ते कसं बनवायचं हे एका जनुकात लिहिलेलं असतं. हिच्या त्या जनुकात एक अक्षर बदललंय. निरोप नीट पोचत नाही, आणि पेशी थांबत नाहीत."

आई मान खाली घालून बसली होती. मीच विचारलं, "आईकडून आलं का ते?"

"नाही, वडिलांकडून. पण ह्यात कुणाचीच चूक नसते. एकाच घरात कुणाला नुसती लहानपणी तापात फिट येते, कुणाला जन्मभर. तुम्हाला यायची का हो लहानपणी?"

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "ठाव नाय."

ठाव नाय म्हणे! घरी आलो आणि आत्याने, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीने, सगळं सांगून टाकलं. "यायची की! तापात डोळे फिरवायचा. आमच्या आईनं कुणाला बोलू दिलंन नाय. पोराचं लगीन अडल म्हणून."

काका तिथेच बसले होते. म्हणजे त्यांना ठाऊक होतं! त्या खणखणीत आवाजाच्या माणसाला सगळं ठाऊक होतं! आणि आता म्हणतात कसे, "जाऊ दे, देवाची मर्जी. त्याला कोण काय करणार?"

आईचं असतं तर चूक, आणि भावाचं निघालं तर देवाची मर्जी. मी त्या दिवशी काकांना नाही नाही ते बोलले, आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही.

पुढच्या शिमग्याला पालखी अंगणात आली. काकांनी गाऱ्हाणं घातलं, पिकापाण्याचं घातलं, पोराबाळांचं घातलं, आणि सुनेचं वाक्य मुकाट गिळलं. इतकी वर्षं ओरडून म्हटलेलं वाक्य! पण सवयीने नारळासाठी हात मात्र पुढे आलाच.

"कसला नारळ, काका?" मी म्हणाले. "कुणाची माफी?"

"गप गो," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "देवाम्होरं तोंड चालवू नको."

"बोलू द्या तिला," आई म्हणाली. डोक्यावरचा पदर तिने मागे सारला. हातातला नारळ काकांना न देता बाबांपुढे धरला. "ह्या वर्षी हा तुमी द्या. रोगाची नाय मागायची माफी. रोग काय तुमी मागून नाय घेतलात. इतकी वरसं गप बसलात, त्याची मागा."

बाबांनी नारळ घेतला. भावाच्या हातात दिला. होय महाराजा कुणीच म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी आई बहिणीला घेऊन कुडपणला निघाली. कुणाला विचारलं नाही. डोंगर चढून गेली खरी, पण दारात वाट बघायला तिचे वडील राहिले नव्हते.