रंग चांगला होता

रुबीना मुजावरला पोरं घाबरतात, आणि घाबरायलाच पाहिजेत. बीएस्सीच्या वर्गाला ती पेशीशास्त्र शिकवते आणि प्रॅक्टिकलला उशिरा आलेल्याला दारातच उभं करते. मी त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्राची. वयानं मोठी म्हणून ती मला आक्का म्हणते आणि माझा डबा न विचारता उघडते. हल्ली स्टाफरूममध्ये तिचं नाव निघालं की आवाज बारीक होतात. माझं डोकं फिरतं. म्हणून काय झालं ते एकदा नीट सांगून टाकते.

तिचे वडील, इकबालचाचा, कोल्हापुरात महाद्वार रोडला घड्याळं दुरुस्त करायचे. शाळा सुटली की ही दुकानात, डोळ्याला भिंग लावून. चाचांचा एक साधा हिशेब होता. एक घड्याळ मागं पडलं तर बिघाड त्या घड्याळात. पण दुकानातली सगळीच मागं दिसायला लागली, तर ज्या घड्याळाशी आपण ताडून बघतोय तेच पुढं पळालंय. रुबीनानं हे उचलून प्रयोगशाळेत आणलं. पहिल्याच दिवशी पोरांना सांगायची, "एकाची स्लाइड बिघडली तर त्याचा हात वाईट. अख्ख्या टेबलाची बिघडली तर बाटलीतला रंग वाईट." इतकी वर्षं शिकवलं, कधी चुकलं नाही. पुण्या-बंगळुरात नोकरीला लागलेली पोरं अजून फोनवर तिला हेच ऐकवून हसवतात.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर रक्ताच्या पेशी बघायचं प्रॅक्टिकल होतं. आपल्याच बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर पसरायचा, वाळला की त्यावर रंग घालायचा, धुवायचं आणि मायक्रोस्कोपखाली धरायचं. लाल पेशी चिक्कार दिसतात, पांढऱ्या तुरळक, जांभळ्या रंगलेल्या. रंगाची बाटली प्रत्येक टेबलाला वेगळी.

आता पोरं खरं काय करतात ते आम्हा मास्तरांना सोडून सगळ्यांना माहीत असतं. सुईला टरकतात. मग एखादी धीट पोरगी बोट पुढं करते आणि सगळ्यांच्या काचांवर तिचेच थेंब पडतात. खिडकीजवळच्या टेबलावरची धीट पोरगी म्हणजे अनुजा. शिरोळकडची, घरात ऊस आणि म्हशी, रोज एसटीनं यायची. "एवढ्याशा सुईनं मरतीस व्हय? आण ती काच हिकडं," म्हणत तिनं सहाही जणींचं काम उरकून टाकलं. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं.

रुबीना तपासत तपासत तिथं आली. पहिली स्लाइड बघितली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पांढऱ्या पेशी तुरळक कुठल्या, नुसती गर्दी. थोराड, गच्च जांभळ्या. दुसरी बघितली, तीच गत. सहाच्या सहा तशाच. एकच तशी असती तर ती जागची हलली नसती, रक्त कुणाचं म्हणून विचारलं असतं. पण सहा पोरींचं रक्त एकदम बिघडेल कसं? तिनं त्या टेबलावरची बाटली उचलली आणि बेसिनमध्ये ओतली. "रंग खराब झालाय. पुढच्या वेळी परत करू." पोरींनी एकमेकींकडं बघितलं. खरं बोललं तर सगळ्यांना बोलणी बसणार, म्हणून सगळ्या गप्प बसल्या. अनुजापण.

ती पुढची वेळ आलीच नाही. परीक्षा आल्या, मग दिवाळीची सुट्टी. अनुजा सारखी दमायची, चेहरा पांढराफटक. घरच्यांना वाटलं, एसटीची दगदग. सुट्टीनंतर तिची मैत्रीण प्रियदर्शनी रडत सांगत आली की अनुजाला ब्लड कॅन्सर निघालाय, इथंच कोल्हापुरात ॲडमिट केलंय.

आम्ही दोघी बघायला गेलो. रस्ताभर रुबीना त्या पोरीबद्दलच बोलत होती. बरी झाली की एमएस्सीला घालायचीच, घरच्यांशी मी बोलते. वॉर्डात अनुजाची आई, विठाबाई, उशाशी बसली होती. तिनं स्टूल पुढं सरकवलं. अनुजाच्या ओठांवर फोड आले होते, तरी मॅडमना बघून उठायला धडपडली.

"मॅडम, एक सांगायचं हाय. रागावणार न्हाय न्हवं?"

"बोल गं."

"त्या दिवशी आमच्या टेबलावरच्या सगळ्या स्लाइडी माझ्याच बोटाच्या हुत्या. ह्या पोरी भ्याल्या म्हणून. तुमी चांगली बाटली उगंच ओतली. सॉरी मॅडम."

रुबीनाकडं बघायची हिंमत होईना. विठाबाईला काही कळलं नाही. "बाटलीचं काय घिऊन बसलीस," असं ती लेकीला म्हणाली. रुबीनानं अनुजाचं बोट हातात घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं. "व्हय बाळा, रंग चांगला होता," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

डॉक्टरांना तिनं विचारलं. ते म्हणाले, तेव्हाच कळलं असतं तरी वाचेल असं छातीठोक सांगता आलं नसतं, पण झगडायला जास्त वेळ मिळाला असता. संक्रांतीनंतर अनुजा गेली.

मी रुबीनाला म्हटलं होतं, आता आईला सांगून काय मिळणार, गप्प बस. ऐकते कुठली. मलाच सोबत घेऊन शिरोळला गेली, विठाबाईसमोर बसली आणि सगळं सांगितलं, स्लाइड म्हणजे काय इथपासून. विठाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे तुमाला दिसलं हुतं?"

"होय. दिसलं होतं."

विठाबाई उठून आत गेली. आम्ही अंधार पडेपर्यंत बाहेरच्या सोप्यात बसलो, ती बाहेर आली नाही.

प्राचार्य म्हणाले, हे प्रॅक्टिकल यंदा वगळा. रुबीना अडून बसली. आता ती प्रत्येकाच्या बोटाला स्वतः सुई टोचते आणि थेंब त्याच्याच काचेवर पडेपर्यंत हात सोडत नाही. चाचांचा हिशेब ती सांगत नाही. परवा एका पोरीनं सीनियर मुलांकडून ऐकलेलं विचारलंच, "मॅडम, अख्ख्या टेबलाची स्लाइड बिघडली तर रंग वाईट ना?"

रुबीना म्हणाली, "आधी सगळ्यांनी बोटं दाखवायची." आणि पुढच्या पोरीचा हात धरला.