कोरड्या बोअरमधला आवाज

गुलफामभाईंनी सव्वीस वर्षं अंजनगाव सुर्जीच्या आसपास बोअर मारले. पाणी लागलं तर लोक पेढे द्यायचे. नाही लागलं तर पाइपाच्या तोंडावर दगड ठेवून ते गाडी पुढच्या शेतात न्यायचे. मागे काय राहिलं, ते पाहायला कधी गेले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलात त्यांनी मोतीरामच्या संत्राबागेत साडेसहाशे फूट खोदलं. वर आली नुसती धूळ. आठ दिवसांनी शेजारच्या इंदूबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. त्यांच्या विहिरीचं पाणी रोज हातभर खाली जात होतं, आणि त्यांनी तर मोटार लावलीच नव्हती.

गुलफामभाई भर दुपारी गेले. विहीर पाहून मोतीरामच्या बोअरकडे वळले. दगड सरकवला तसा पाइपातून गार वारा तोंडावर आला. त्यांनी कान लावला. आत पाणी पडत होतं, एकसारखं. पण ते कुठे साचत असल्याचा आवाज नव्हता. त्यांनी एक खडा टाकला आणि बराच वेळ वाट पाहिली. खडा पाण्यात पडलाच नाही.

त्यांनी मोतीरामला बोअरपाशी बोलावून घेतलं.

मोतीरामला आधी पटेना. "कोरडा हाय ना थो? मंग पाणी कुठून पडून राह्यलं?"

"इंदूबाईच्या विहिरीतलं हाय," गुलफामभाई म्हणाले. "वरच्या थरातलं पाणी या भोकातून खाली चाललं. भोक मीच पाडलं."

दोघांनी मिळून चिकणमाती, खडी, सिमेंट ओतायला सुरुवात केली. बोअर सगळं गिळत होता. तिसऱ्या दिवशी आवाज बारीक झाला, मग थांबला. इंदूबाईंची विहीर होती तिथेच थबकली. पावसाळ्यात थोडी चढली, पण जुन्या पायरीला पाणी पुन्हा लागलं नाही.

त्यानंतर गुलफामभाईंनी नवं काम घेणं सोडलं. आपले फसलेले बोअर आठवून आठवून ते एकेका शेतात जायचे, दगड बाजूला करून पालथे पडून ऐकायचे. लोकांना वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलं. बहुतेक बोअर मुके होते. जे बोलत होते, ते त्यांनी बुजवले.

एका शेताचे प्लॉट पडले होते. बोअरच्या जागी वर्षाली नावाच्या बाईचं स्वयंपाकघर होतं. गुलफामभाईंनी कशासाठी आलो ते सांगितलं, तर तिने काही न विचारता पंखा बंद केला. ते गुडघ्यावर बसले, फरशीला कान लावला आणि तसेच राहिले.

"आमी नळ तीनदा बदलले," ती हळूच म्हणाली. "तरी थांबत नाई."

फरशी फोडायला तिचा नवरा अजून तयार नाही. गुलफामभाई सिमेंटच्या दोन गोण्या त्यांच्या ओट्यावर ठेवून आले आहेत.