सागाच्या रानात घर

मी निवृत्त झाल्यावर बीडला प्लॉट घ्यावा, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. चौसाळ्याच्या दवाखान्यात मी नर्स, यजमान शाळेत शिपाई. सगळा संसार दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये झालेला. माझ्या मनात मात्र डोंगराच्या उतारावरचं एक रान भरलं होतं. आधीच्या मालकानं हौसेनं तिथं साग लावला आणि मग लेकाकडं पुण्याला निघून गेला. साग, कडुलिंब, मधूनमधून बोराटी. पिकाच्या कामाचं नाही म्हणून कुणी तिकडं बघत नव्हतं.

थोरले दीर यजमानांना म्हणाले, "जंगल कामून घ्यायलास रे? राहायचं का साधू व्हायचं?"

"राहायचं. आन् लाकूड इकायचं," मी आतून म्हणाले.

झालं! बाईमाणूस झाडं तोडणार, पाप लागणार. ज्वारी काढताना कुणाला पाप आठवत नाही. साग हेही पीकच. ते पिकायला अर्धी उमर जाते एवढंच. मोठं झाड काढायचं, तिथं रोप लावायचं, हे माझं ठरलेलं होतं. कुणाला पटेपर्यंत थांबले नाही. खरेदीखत केलं.

खालच्या शेताचा मालक म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्याला ते रान स्वस्तात हवं होतं. आमची वाट त्याच्या बांधाकडेनं जायची. त्यानं जेसीबी लावून तिच्यावर आडवा चर खणला. मी त्याच्या दारात गेले.

"तिथं वाटच न्हाई, सिस्टर. कधीच नव्हती. हेलिकॉप्टर आणा," तो म्हणाला. भोवतीचे हसले.

"तुमची लेकरं माझ्या हातावर जन्मली, म्हणून सबुरीनं सांगते. चर बुजवा."

"न्हाई बुजवत. काय करता?"

"घर बांधते," मी म्हणाले.

आणि बांधायला घेतलं. ट्रॅक्टर येईना, तर दगड रानातलेच फोडले. परवानगी काढून थोडे साग पाडले, सुताराला झाडाखाली बसवलं. खांब, आढं, चौकटी तिथंच तासल्या. सिमेंट आणि पत्रे तेवढे बाहेरून. त्यासाठी यजमानांनी चरावर दोन ओंडके टाकले. सकाळी बघावं तर खाली ढकललेले. आम्ही ते परत टाकायचो. यजमानांचा गुडघा दुखरा, तरी म्हणायचे, "ढकलणाराच दमंल बघ आधी."

एकदा सिमेंटची पाटी घेऊन ओंडक्यांवरून जाताना माझा पाय सटकला. चरात पडले, मनगट टम्म सुजलं. तिथंच बसून रडले, लई रडले. मग वर चढले आणि दुसऱ्या दिवशी तहसील गाठली.

हेलपाटे बरेच झाले, पण एकदाचे साहेब पाहणीला आले. शेजाऱ्याचं तेच पालुपद, वाट नव्हतीच. चराच्या पलीकडं चढावर खडक लागतो. तिथला पालापाचोळा मी आधीच झाडून ठेवला होता. पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या जाऊन त्या खडकात दोन चाकोऱ्या पडलेल्या. साहेबांनी उकिडवं बसून त्यांत हात घातला.

"ह्या हेलिकॉप्टरच्या हायत का?" मी शेजाऱ्याला विचारलं.

वाट खुली करण्याचा हुकूम निघाला. शेजाऱ्यानं फावडं काही उचललं नाही. ज्यांची बाळंतपणं मी केली होती, त्यातल्या काही बाया घमेली घेऊन आल्या आणि आम्हीच चर बुजवला. मग घरही पुरं झालं.

यंदा सागाची पहिली गाडी भरली. मी आणि यजमान ड्रायव्हरशेजारी बसलो. शेजाऱ्याच्या दारासमोर मी गाडी मुद्दाम सावकाश घ्यायला लावली. तो ओट्यावरच होता.

"लाकूड चाललं, आता जमीन बी देऊन टाका, सिस्टर!"

"न्हाई देत," मी खिडकीतून म्हणाले. "तुमची बांधाकडची पट्टी इकायची असंल तर सांगा. आमाला अजून साग लावायचाय."

यजमानांना हसता हसता ठसका लागला.