मामांचा मंद्या

कुणाचंही तान्हं बाळ हातात आलं की आमचे कोंबडेमामा आधी त्याचा हात अलगद बाजूला पसरून बघायचे. एका दिवसाच्या पिल्लांचे पंख बघण्यात सगळी नोकरी गेलेली, सवय कुठे जाते! बारशाला जमलेल्या बायका खवळायच्या. मामा ओशाळून म्हणायचे, "पंख चांगले आहेत हो."

राहायला मुलुंडला, नोकरी अंडी उबवण्याच्या केंद्रात. तिथे ते कोंबड्यांच्या जोड्या जमवायचे. मी त्याला विवाह मंडळ म्हणायचो. कोंबडीवड्यांच्या ताटावर ते मला समजावत, "आई मंद पिसांची घ्यायची, म्हणजे पिसं उशिरा येणारी, बाप झटपट पिसांचा. मुली बापावर जातात, मुलगे आईवर. मग पहिल्याच दिवशी पंखाच्या कडेची पिसं लांब दिसली की मादी, आखूड दिसली की नर."

"आणि नरांचं काय करता?" मी रस्सा ओरपत विचारायचो.

"अंड्यांच्या धंद्यात नराला दुसरा दिवस नसतो रे." एवढं बोलून ते हात धुवायला उठायचे. त्यांच्या ताटातला तुकडा मी उचलायचो. वाया कशाला घालवा!

निवृत्त झाले त्या दिवशी मामा शर्टाच्या खिशातून एक पिल्लू घेऊन आले. आखूड पिसांचं. नाव ठेवलं मंद्या. कित्येक दिवस बिचाऱ्याची पाठ उघडीच. मामा म्हणायचे, "येतील, उशिरा येतील. आईवर गेलाय."

पिसं आली आणि पाठोपाठ बांगही आली. सोसायटीचा सेक्रेटरी हात जोडून दारात. "काका, लोक झोपतात हो!" मामी वैतागल्या, "जन्मभर अशांनाच बाजूला काढलंत, आता एकासाठी सोसायटीशी भांडताय?"

"एकासाठी तरी भांडू दे गं," मामा म्हणाले.

गेल्या वर्षी मामा गेले. दहाव्याच्या सकाळी मंद्या बाल्कनीत बोंबलत होता, तेव्हा मीच मामींना म्हणालो, "आता याला मार्केटात देऊन टाकू या." मामींनी त्याच्यापुढे मूठभर दाणे टाकले.

घाटावर पिंड ठेवला. कावळा समोरच्या झाडावर, पण हलेना. मामींची औषधं बघू, फ्लॅट विकणार नाही, सगळी वचनं देऊन झाली. ऊन चढलं. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, पण ते कामाचे नव्हते. मामी हळूच म्हणाल्या, "तूच बोल. सकाळी तूच म्हणालास ना?"

मी हात जोडले. "मामा, मंद्याला मी नेतो. शेवटपर्यंत सांभाळतो."

कावळा झपकन उतरला.

आता मंद्या जोगेश्वरीला आमच्या गॅलरीत असतो. बायको म्हणते, "भुकेपोटी वचन दिलंत, आता भोगा." पहाटे तो आरवला की खालच्या मजल्यावरून शिव्या येतात. मी उठतो, त्याला जवळ घेतो, पंख अलगद पसरून बघतो. पिसं भरगच्च आलीत.

मग नाश्त्याला ऑम्लेट येतं. मी खातो. फक्त गॅलरीकडे पाठ करून बसतो.