पास्टर केवळरामचा ओला रविवार

पास्टर केवळराम बोरकर बोलतो आहे की भांडतो आहे, हे नव्या माणसाला पहिल्या भेटीत कळत नाही. जुन्यांनाही खात्री नसते. तरुणपणी तो भंडाऱ्यात पितळेची भांडी ठोकायचा. दिवसभर हातोड्याखाली पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, वाजायचे, आणि त्या नादात त्याच्या कानांनी अर्धी चाकरी सोडून दिली. तेव्हापासून तो समोरच्याशी बोलतो ते मागच्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं. मयतीच्या घरी सांत्वनाला गेला, तर अंगणातल्या लोकांना वाटतं, आत वाटणीवरून भांडण लागलं. पण सगळा दोष कानांवर घालणं बरोबर नाही. माणूस रागीट आहेच. त्याची बायको पार्वताबाई म्हणते, "कान नंतर खराब झाले. डोकं आधीपासूनच तसं होतं."

हा बाप्तिस्ट मंडळीचा फिरता प्रचारक. ना चर्चची इमारत, ना घंटा. एक मोपेड आहे आणि तिच्या हँडलला लटकलेली रेक्झिनची पिशवी. पिशवीत बायबल, गीतांचं पुस्तक, टॉवेल आणि पार्वताबाईनं बांधून दिलेले फुटाणे. वर नाकाडोंगरीकडं, जिथं खाणीच्या ट्रकांची धूळ बायबलच्या पानांत जाऊन बसते, तिथपासून खाली गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळं उठून गेलेल्या गावांपर्यंत त्याचा फेरा. कुठं चार घरं, कुठं दोन, कुठं एक म्हातारी आणि तिची शेळी. शेळीला तो हजेरीत धरत नाही, पण प्रार्थनेत तीच सगळ्यांत शांत बसते, हे मान्य करतो.

रस्त्यात त्याची चिडण्याची ठिकाणं ठरलेली. पहिलं म्हणजे टपऱ्या. मोपेड दिसली की तिथले पोट्टे विचारणारच, "काय फादर, आज किती लोकं बाटवले?"

दुसरा एखादा पुढं निघून जाईल. केवळराम मोपेड स्टँडवर लावतो. "पयली गोष्ट, मी फादर नाही, मले बायको आहे. दुसरी गोष्ट, माह्या सख्ख्या भावाले मी आजपर्यंत पटवू नाही शकलो, तं तुह्यासारख्याले काय बाटवू?" मग त्याच टपरीवर चहा पितो, साखर कमी पडली म्हणून टपरीवाल्यावर चिडतो आणि निघतो.

पण त्याचा खरा, जपून ठेवलेला राग आहे मूठभर पाण्यावर. कपाळावर चार थेंब शिंपडून बाप्तिस्मा झाला म्हणणाऱ्यांचं नाव काढलं की त्याच्या मानेची शीर फुगते. त्याच्या मंडळीत लेकराला पाणी देत नाहीत. माणूस जाणता पाहिजे, त्यानं आपल्या तोंडानं मागितलं पाहिजे, चार लोकांत उभं राहून साक्ष दिली पाहिजे आणि मग डोक्यापासून नखापर्यंत पाण्याखाली गेलं पाहिजे. जुना माणूस तिथं पुरायचा, नवा वर काढायचा. "मुर्द्यावर मूठभर माती टाकून घरी येता का? पुरता ना पुरा?" हे तो इतक्यांदा बोलला आहे, की पार्वताबाई भाजी चिरता चिरता ते वाक्य त्याच्या आधी पूर्ण करते.

तर अशा माणसाला नव्या मोहरीच्या गोदावरीबाईनं पाणी मागितलं.

जुनं मोहरी धरणाच्या पाण्यात गेलं. नवं मोहरी सरळ रस्त्यांचं, सारख्या प्लॉटांचं, आणि तिथल्या झाडांची सावली अजून नीट वाढलेली नाही. गावाला समाधान एकच, जवळ एक जुना तलाव मिळाला. गोदावरीबाई तिथं मुलगा धनंजय आणि सून तृप्ती यांच्याकडं राहते. गावात विश्वासणाऱ्यांची घरं दोनच. त्यांच्या प्रार्थनेला ती वर्षानुवर्षं यायची, पण बसायची उंबऱ्यावर, एक पाय आत, एक पाय बाहेर, मांडीवर तांदूळ पाखडायचं सूप. "मी ऐकाले येतो, बाकी काही नाही," म्हणायची. केवळरामनं तिला कधी आत ओढलं नाही. ओढून आणलेला माणूस पाण्यातही ओढावाच लागतो, हा त्याचा अनुभव.

यंदा धान कापून झाल्यावर एका प्रार्थनेला तिनं सूप घरी ठेवलं आणि आत येऊन बसली. "पास्टरजी, मले पाणी घ्याचं आहे."

केवळरामनं तिला उलटसुलट विचारलं. मुलाला विचारलं. धनंजय म्हणाला, "मी काही तुमच्यात येत नाही. पण आई कोणाचं ऐकते का?" तृप्तीनं सासूसाठी जाड साडी काढली, पाण्यात फुगू नये म्हणून काठाला आतून दोरीचे फेर घातले. रविवारची सकाळ ठरली.

त्या सकाळी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, गोमाजी उभा होता. गोमाजी तलावातल्या मासेमारीच्या सोसायटीचा अध्यक्ष, म्हणजे पाण्याचा मालक, आणि गावात जो पाण्याचा मालक तो बाकी सगळ्याचा अर्धा मालक. त्याच्या मागं मोबाइल उंच धरून काही पोट्टे.

"पास्टर, आज नाही जमत," गोमाजी म्हणाला. "मासोळीचं बीज सोडलं आहे. पाणी हाललं की मरते."

केवळरामनं पाण्याकडं पाहिलं. काठापासून थोड्या अंतरावर म्हशी मानेपर्यंत बसल्या होत्या. त्यातली एकही पाणी न हलवता बसली होती, असं म्हणता आलं नसतं.

"गोमाजीभाऊ, ते काय आहे?"

"म्हशी आहेत."

"त्यायच्यानं बीज नाही मरत?"

"म्हशी गावाच्या आहेत."

"अन् काल तू यात ट्रॅक्टर धुतला, तो?"

"तोही गावाचाच."

"अन् ही बाई?" केवळरामचा आवाज आता खरोखरच पलीकडच्या काठाला गेला. "जुन्या मोहरीतून तुमच्यासंगच उठून आली ना ही? तुह्या लग्नात चुलीपाशी कोण बसलं होतं? गावाची नाही का ही?"

गोमाजी म्हातारीकडं न बघता म्हणाला, "होती. आज तुमची होऊन राहिली ना."

केवळरामचा हात उठला. तो त्यानं खांद्यावरच्या पिशवीच्या पट्ट्यात अडकवला आणि पट्टा इतका आवळला की रेक्झिन उसवलं. त्याला ठाऊक होतं, मागचे मोबाइल याच हाताची वाट बघताहेत. म्हशीचं चित्र कोणी काढणार नव्हतं, पास्टरच्या हाताचं मात्र गावोगाव गेलं असतं. मग नव्या मोहरीत त्याला कोणी येऊ दिलं नसतं, आणि गोदावरीबाईचं पाणी कायमचं राहिलं असतं.

धनंजय घाईघाईनं जवळ आला. "पास्टरजी, तमाशा नको. घरी चाला. एक तांब्या डोक्यावरून घाला अन् होऊन जाऊ द्या. देव काय मोजून घेते का पाणी?" तृप्ती तेवढ्यात तांब्या घेऊन आलीच होती. चांगला पितळी, भंडाऱ्याचाच असावा.

केवळराम त्या तांब्याकडं पाहत राहिला. जन्मभर ज्याच्यावर ओरडला तो मूठभर पाण्याचा देव आज त्याच्याच पितळेत बसून आला होता. तांब्या हातात घ्यावा, तर आजवर जे बोललो ते सगळं टपरीवरची बडबड. न घ्यावा, तर म्हातारी कोरडी. नाकाडोंगरीकडं जंगलात चांगला ओढा होता, पण इतक्या लांब मोपेडवर तिचे गुडघे टिकणार नव्हते.

त्यानं, त्याच्या मानानं, आवाज खाली आणला. "बाई, हे ध्यानात ठेवा, पाण्यानं कोणी तरत नाही. प्रभूच्या बाजूले जो चोर टांगला होता, त्याले कुठं बाप्तिस्मा भेटला? तरी तो गेलाच ना स्वर्गात. तुमचं मन प्रभूनं पाह्यलं आहे. आज राहू द्या."

गोदावरीबाईनं सगळं ऐकून घेतलं. "त्या चोराचे हातपाय खिळ्यायनं ठोकले होते. माहे तं चालू आहेत."

"तसं नाही बाई..."

"अन् पाणी लागत नाही तं बाकीच्यायले कायले थंडीत बुडवून राहिले होते इतके दिवस?"

इतक्या वर्षांत शास्त्र शिकवणाऱ्यांनी त्याला असं कोंडीत पकडलं नव्हतं. केवळरामला आता गोमाजीचा राग आला, धनंजयचा आला, तांब्याचा आला, आणि जरासा त्या चोराचाही आला.

तेवढ्यात तलावातून हाळी आली. "हो, हो, चाल भाईर." अश्वजित रामटेके आपली म्हैस पाण्याबाहेर काढत होता.

अश्वजित म्हणजे निवृत्त लाइनमन, बौद्ध, आणि केवळरामचा ठरलेला वैरी. पास्टरची मोपेड गावात आली की हा काहीतरी निमित्तानं चौकात उभा. "देव दाखवा पास्टरसाहेब, लगेच मागं येतो," हे त्याचं, आणि "करंट दाखवा रामटेके, डोळ्यानं दाखवा," हे केवळरामचं. दोघांचं यावरून कधी मिटलं नाही आणि मिटावं अशी दोघांचीही इच्छा नव्हती.

म्हैस वर आली. अश्वजितनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो गोमाजीसमोर उभा राहिला. त्याचा आवाज मुळात बारीक, आणि रागात आणखी बारीक होतो.

"माही म्हैस आत अन् गोदावरीबाई भाईर. हे मले जमत नाही, गोमाजी. आजपासून माही म्हैस इथं नाही येत."

"तुह्या पोटात काहून दुखून राहिलं? तू थोडीच त्यायच्यातला आहे."

"त्यायचा देव मी मानत नाही. तुहाही मानत नाही. पण पाण्यावर उभं राहून माणसाले 'तू नको' म्हणणारा माणूस कसा दिसते, हे माह्या आज्यानं मले सांगून ठेवलं होतं. आज पाहून घेतला." तो केवळरामकडं वळला. "माह्या शेततळ्यात पाणी आहे. चाला. पण एक अट. बांधावर भाषण नको. लाखोळी नुकतीच उगवली आहे, आडवी होऊन जाईल."

केवळराम पहिल्यांदाच वाद न घालता रामटेकेच्या मागं निघाला.

शेततळं भरलेलं होतं. आत काळं प्लास्टिक, त्यावर शेवाळाची बारीक साय, आणि काठाच्या खुंटाला बांधून आत सोडलेला गाठींचा दोर. कोणी पडलंच तर वर यायला. फेऱ्यातल्या गावांहून बाप्तिस्म्यासाठी आलेल्या विश्वासणाऱ्यांनी गीत सुरू केलं. केवळरामनं एका हातानं दोर धरला, दुसऱ्या हातानं गोदावरीबाईला, खांद्यावरची बायबलची पिशवी काढायची राहूनच गेली, आणि तलावातल्या चिखलात आयुष्यभर घट्ट उभा राहिलेला पाय त्यानं विश्वासानं प्लास्टिकवर टाकला.

पाय गेला. पास्टर गेला. गोदावरीबाई त्याच्यासोबत गेली. गीत अर्ध्या ओळीत तुटलं. दोघंही पाण्याखाली पूर्ण दिसेनासे झाले, आणि बांधावरून धनंजय, जो त्यांच्यात येत नव्हता, चपलांसकट आत उडी टाकून आला.

त्यानं आईला धरून उभं केलं. पाणी तिच्या छातीपर्यंत होतं. केवळराम दोर शोधत, शेवाळ थुंकत वर आला.

"झालं का?" अश्वजितनं वरून विचारलं.

"नाही झालं."

"काहून? बुडली तं पुरी."

"मी शब्द नाही बोललो. साक्ष नाही झाली." केवळराम खोकत ओरडला. "नुसतं बुडणं म्हणजे बाप्तिस्मा असता, तं गोसीखुर्दात गावंच्या गावं ख्रिस्ती झाली असती."

अश्वजितला हसू आलं, पण पुरतं आलं नाही. त्याचंही जुनं घर त्याच पाण्यात होतं.

पोट्टे तोवर मोबाइल घेऊन शेजारच्या बांधावर पोचले होते. गोदावरीबाईनं चेहऱ्यावरचे केस मागं सारले. दात वाजत होते, पण साक्ष तिनं त्या मोबाइलांकडं बघूनच दिली.

"मी येशूची आहो, हे मी माह्या तोंडानं सांगून राहिली. कोणी मले पढवलं नाही. अन् मी मोहरीची आहो. हे पण लिहून घ्या, नाहीतं गोमाजीले उद्या आठवणार नाही."

एका बाजूनं धनंजय, एका बाजूनं केवळराम. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. गोदावरीबाई पुरी खाली गेली, पुरी वर आली. वर आल्याबरोबर तिनं पहिल्यांदा दोर मागितला.

तृप्तीनं तिला चादरीत गुंडाळलं. अश्वजितनं पंपाच्या खोपीत चहा ठेवला. केवळरामला कप देताना म्हणाला, "भाषण नाही केलं, हे बरं केलं." केवळरामनं चहा मुकाट पिऊन टाकला, साखर कमी होती तरी.

दुपारी त्याला हायवेवरच्या शहापूरला प्रार्थना घ्यायची होती. जाताना तलाव लागला. म्हशी बसल्या होत्या, एक कमी. गोमाजी पारीवर तसाच. केवळरामनं मोपेड थांबवली. त्याच्या तोंडात खूप काही जमलं होतं आणि त्यातलं कुठलंही पास्टरच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

"झालं?" गोमाजीनंच विचारलं.

"झालं. तुह्या बीजाले धक्का नाही लागला. मी गेल्यावर मोजून घेशील."

शहापूरच्या मंडळीला आज क्षमेवर वचन सांगायचं, असं मागच्या आठवड्यातच ठरलं होतं. लोक सतरंजीवर बसले होते. केवळरामनं बायबल काढलं. पानं ओली, एकमेकांना चिकटलेली. त्यानं ती सुटी करायचा प्रयत्न केला, मग बायबल मिटलं.

"आज क्षमेवर बोलाचं होतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्या दिवशी इतका खाली होता की मागच्या बायकांना पुढं सरकावं लागलं. "पण आज माह्याच्यानं होत नाही. खोटं बोलू नाही शकत. येत्या रविवारी पाहू. आज माहे कपडे ओले आहेत."

कपडे तोवर रस्त्याच्या वाऱ्यानं पार वाळले होते. ते सगळ्यांना दिसत होतं.