काकूच्या हातचा हुरडा

चिकलठाण्याच्या पुढं हुरड्याच्या आगट्या पेटल्या होत्या. लेकीनं गाडीची काच खाली केली अन् तो धुराचा, कोवळ्या ज्वारीचा वास आत शिरला. मला ती लहान असतानाचा एक रविवार आठवला.

बजाजनगरच्या घराचं कर्ज लवकर फेडायचं म्हणून तेव्हा हे रविवारीही ओव्हरटाइमला जायचे, अन् मी साड्यांना फॉल लावत बसायची. धाकटी जाऊ भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची, पण करमाडला तिच्या माहेरी हुरडा लागला की सगळं सोडून निघायची. त्या रविवारी माझ्या पोरीलाही घेऊन गेली.

संध्याकाळी पोरगी आली ती ओठ काळे, केसांत राख. मी मोरीकडं नेलं, तर तिनं मुठी पाठीमागं लपवल्या.

“हात नाय धुणार. काकूनं गरम गरम चोळून दिलाय. वास जाईल ना!”

“राहू द्या ताई एक दिवस,” दारातून जाऊ हसली. गरम कणसं चोळून तिचे तळवे लालबुंद झाले होते.

रात्री मी भरवत होते अन् पोरगी दर घासाला आपलेच हात हुंगत होती.

घर कधीच आमच्या नावावर झालं. जाऊ अजून भाड्यानंच राहते. तिचं काय चुकलं, हे मी लोकांना लई वेळा सांगितलंय.

लेकीनं गाडी थांबवली. “आई, कणसं घेऊ अन् काकूकडं जाऊ. तीच चोळून देईल.”

मी माझे तळवे पदराखाली घेतले.