दुसऱ्या हाकेची वाट

आमच्या गावात तळं आहे हे बाहेरून आलेल्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही. एस.टी. स्टँड, बाजार, दोन शाळा, कोर्ट, असं सगळं तालुक्याच्या गावाला शोभेलसं आहे. कोर्टाच्या मागून चिऱ्याच्या पायऱ्या चढून गेलं की एकाएकी झाडी लागते आणि झाडीच्या पोटात तळं. बाजार तिथून हाकेच्या अंतरावर, पण बाजारातला एकही आवाज वर येत नाही. रिक्षाचा हॉर्नसुद्धा पायऱ्यांवरच कुठेतरी राहून जातो. मला इथं राहायला आल्यापासून हे खटकत आलं आहे.

अलीकडे नगरपंचायतीने तिथं सुधारणा केली. फरसबंदी केली, सिमेंटचे बाक टाकले, हंसाच्या तोंडाच्या चार पेडल बोटी आणल्या. 'पोहण्यास सक्त मनाई' असा बोर्ड लावला आणि त्याच्याच खाली पोरं कपडे काढून ठेवू लागली. ही फरसबंदी तळ्याला पुरता वळसा घालत नाही. मागच्या अंगाला राखणदाराचा, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाचा, दगड आहे, तिथं खणायला एकही गवंडी तयार झाला नाही. त्यामुळे रस्ता अर्ध्यावर येऊन थांबतो आणि पुढे नुसती पायवाट, तीही पावसानंतर धड दिसत नाही.

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हीच मागची बाजू आवडायची. तो मुंबईत नोकरीला होता. वहिनी गेली, मुलगा परदेशी गेला, तेव्हा तिथलं घर बंद करून तो माझ्याकडे राहायला आला. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं आता मलाही नीट आठवत नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मदतनीस होतो, म्हणजे विज्ञानाशी माझा संबंध बाटल्या धुण्यापुरता. तरी गावात भुताखेताचा विषय निघाला की मी नाक मुरडतो आणि दादा ते बघून हसतो. तो म्हणायचा, हा दिवसा शास्त्रज्ञ आहे आणि संध्याकाळी मिठबावचा.

मिठबाव हे आमच्या आईचं गाव, आणि लहानपणी आम्हीही तिथंच वाढलो. तिथं माणसं एकमेकांना शेतातून, बागेतून, खाडीच्या पल्याडून हाक मारायची ती नावाने नव्हे. तोंडाशी पंजा धरून 'कूऽऽ' असा लांब आवाज काढायचा, त्याला कुकारा म्हणतात. ज्या त्या घराचा कुकारा वेगळा, ऐकणाऱ्याला बरोबर कळतो. आमचा खालून सुरू होऊन वर चढतो आणि शेवटी कुणीतरी तोंडावर हात ठेवावा तसा मध्येच तुटतो. आईने आम्हा दोघांना तो शिकवला, आणि त्याबरोबर दोन नियम. पाण्याजवळ, रानात कुणाला नावाने हाक मारायची नाही, नाव तिथंच राहतं. आणि एकट्या हाकेला ओ द्यायची नाही.

"माणूस दोनदा हाक मारता," ती म्हणायची. "एकदाच मारता तो माणूस न्हय."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं आमचं झालं. दादाने मुंबईत जन्म काढला, मी बाटल्या धुतल्या, पण घरातल्या घरातही आम्ही दुसऱ्या हाकेलाच ओ द्यायचो. वहिनी यावरून फार वैतागायची. ती माहेरची पुण्याची. दादाला जेवायला बोलावताना ती एका दमात दोन हाका मारून घ्यायची, म्हणजे निकाल लागला.

तर तो ऑक्टोबरातला रविवार. पाऊस गेला होता, तळं काठोकाठ होतं आणि ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. दादाने निवृत्त झाल्यावर दुर्बीण घेतली होती आणि त्याला तिबोटी खंड्याने वेड लावलं होतं. चिमणीएवढा पक्षी, पण अंगावर जांभळापासून नारिंगीपर्यंत सगळे रंग. पावसाळा संपला की तो निघून जातो, म्हणून दादाला घाई होती. आम्ही दहाला वर गेलो. अकरापर्यंत दोन बायका चालायला आल्या होत्या, त्या उतरून गेल्या. बोटी सांभाळणारा गृहस्थ त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आडवा झाला. मी शेवटच्या बाकावर पेपर घेऊन बसलो. दादा म्हणाला, मागच्या अंगाला जरा बघून येतो. त्याने पिशवी माझ्याजवळ ठेवली. फोन पिशवीतच होता.

मी त्याला म्हटलं, बारा वाजायला आलेत, आता कशाला जातोस तिकडे. भर दुपार आमच्याकडे बरी मानत नाहीत. रात्रीचं भय सगळ्यांना कळतं, दुपारचं फक्त कोकणातल्या माणसाला. दादा म्हणाला, का रे शास्त्रज्ञा, आणि गेला. झाडीत त्याचा पांढरा शर्ट दोनदा दिसला, मग दिसला नाही.

पेपर वाचून झाला. कोडंही सोडवून झालं. मग माझ्या लक्षात आलं की पक्षी ओरडत नाहीत. केव्हापासून ते सांगता येणार नाही, बंद झालेला आवाज केव्हा बंद झाला हे कुणाला सांगता येतं. पाणी हलत नव्हतं. समोरच्या काठावरची झाडं पाण्यात उलटी उभी होती आणि उलटी जास्त स्पष्ट दिसत होती. ऊन असूनही बाक मला गार लागत होता. मी घड्याळात बघितलं तर सव्वाबारा.

तेवढ्यात पल्याडून कुकारा आला.

आमचाच. खालून वर चढला आणि तुटला. चाळीसएक वर्षांत मी तो ऐकला नव्हता. मी उभा राहिलो, तोंडाशी आपोआप हात गेला, आणि तसाच थांबलो. दुसरा येईल म्हणून वाट बघू लागलो. तो आवाज दादाचा वाटत नव्हता. बारीक होता. खरं सांगायचं तर आईचा वाटला.

दुसरा आला नाही. मी मनातल्या मनात शंभर मोजले, पुन्हा शंभर मोजले. पाण्यावर काही हललं नाही. आता तुम्ही म्हणाल, उठून बघायला काय झालं होतं? मीही स्वतःला हेच विचारत आलो आहे. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही. पासष्ट वर्षांचा माणूस सिमेंटच्या बाकाची पाठ घट्ट धरून उभा होता.

शेवटी मी स्वतः कुकारा घातला. चांगला खणखणीत घातला. पलीकडून उत्तर नाही. आता दुसरा घालायला हवा, दुसऱ्याशिवाय दादा ओ देणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण घातला नाही. मला वाटलं, दुसरा घातला आणि ओ आली, आणि ती पलीकडून न येता माझ्या पाठीमागून आली तर? एकदा हे मनात आलं आणि मला मागे वळून बघवेना, आवाजही काढवेना. मी किती वेळ तसा होतो ठाऊक नाही. घड्याळ मात्र पावणेएक दाखवत होतं.

मग पिशवीतला दादाचा फोन वाजला. मुलाचा होता, परदेशातून, रविवारचा नेहमीचा. 'बाबा, उचला' असं तो म्हणतोय वाटावं इतका वेळ वाजत राहिला. मी तो उचलला नाही. उचलून काय सांगणार होतो, तुझ्या बापाला हाक मारायला मला भीती वाटते? त्या विचाराने मला स्वतःची इतकी लाज वाटली की भीती मागे पडली. मी आईचा पहिला नियम मोडला. पायवाटेच्या तोंडाशी जाऊन दादाला नावाने हाक मारली, तीही फक्त आई मारायची त्या नावाने. एकदा नाही, दोनदा नाही, मोजलं नाही. ते नाव मी इथंही लिहीत नाही.

दादाने ओ दिली. अगदी क्षीण, पाण्याच्या पातळीवरून.

राखणदाराच्या दगडाच्या खालच्या अंगाला काठ ढासळला होता. दादा छातीभर पाण्यात उभा होता, एक पाय दोन चिऱ्यांमध्ये अडकलेला, दोन्ही हातांनी जांभळीचं मूळ धरलेलं. ओठ निळे पडले होते. दुर्बीण गळ्यातच होती. मी धावत जाऊन शेडमधल्या गृहस्थाला उठवलं. तो हंसाची बोट घेऊन आला. आधी त्याने खिशातली विडी काढून राखणदाराला म्हणून दगडावर ठेवली आणि मगच पाण्यात हात घातला. एरवी मी त्याला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी त्याला म्हटलं, दोन ठेव.

घोट्याचं हाड मोडलं होतं. थंडीने आणि धसक्याने दादाला दोन दिवस ताप होता, डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर हात सुटले असते. डॉक्टर हे सहज बोलून गेले. मी मात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसलो आणि रडलो.

तिसऱ्या दिवशी दादा उशीला टेकून बसला. म्हणाला, "दुसरी हाक कित्याक नाय मारलंस?"

मी म्हटलं, "तू तरी खंय मारलंस?"

त्याच्या तोंडात पाणी गेलं होतं. एक कुकारा कसाबसा घातला, दुसऱ्याला दम उरला नाही, असं त्याने सांगितलं. आणि माझा ऐकला तेव्हा ओठ मिटून दुसऱ्याची वाट बघत राहिला. पाण्यात, छातीपर्यंत बुडालेला, मोडक्या पायाने. मरेन, पण एकट्या हाकेला ओ देणार नाही. मला त्याचा इतका राग आला की तिथंच त्याच्यावर ओरडणार होतो. मग आठवलं, मी काठावर कोरडा उभा राहून तेच करत होतो. आईने जे आम्हाला सांभाळण्यासाठी शिकवलं, त्याने आम्ही एकमेकांना मारायला निघालो होतो.

थोड्या वेळाने तो म्हणाला, तुझा आधीचा ऐकून मी वळलो आणि तिथंच पाय घसरला. मी विचारलं, आधीचा म्हणजे कुठला? तो म्हणाला, मी पडायच्या आधीचा.

मी एकच घातला होता, तोही दादा पडल्यानंतर बऱ्याच वेळाने. हे मी त्याला सांगितलं. आम्ही दोघांनी पुन्हा पुन्हा हिशेब जुळवून पाहिला. एक त्याचा, एक माझा, आणि एक उरत होता. काठावर मी ऐकला तो त्याचा होता की तो उरलेला, हेही ठरेना. दादाने दुर्बिणीच्या काचा पुसायला घेतल्या आणि आम्ही तो विषय सोडला.

त्यानंतर तीन महिने तो मागच्या खोलीत प्लास्टर घालून पडून होता. मी मनाशी एक ठरवलं होतं. दादाची हाक आली की पहिल्याच हाकेला धावायचं. पाणी हवं असो, चष्मा असो, उशी असो. हातातलं टाकून "ओ, इलंय" म्हणत पळायचो. दोनदा दूध उतू गेलं. आयुष्यभराची सवय मोडायला त्रास होतो, पण मी ती मोडली आणि मला त्याचं समाधान वाटत होतं. दादाच्या लक्षात आलं होतं. तोही आता हाक एकदाच मारायचा.

जानेवारीतली दुपार. मी मागल्या दारी कोकमं वाळत घातलेली ताटं... नाही, कोकमं नव्हती, ती उन्हाळ्यात. नारळ सोलत होतो. आतून हाक आली. मी कोयता टाकला, मोठ्याने ओ दिली आणि तशाच हातांनी आत गेलो.

दादा खिडकीशी खुर्चीत बसून पुस्तकात पक्षी बघत होता.

"काय व्हया?" मी विचारलं.

त्याने मान वर केली. म्हणाला, "मी खंय हाक मारलंय?"

घड्याळात सव्वाबारा झाले होते. बाहेर एकही पक्षी ओरडत नव्हता. दादाने ते माझ्या आधी ओळखलं असावं, कारण त्याने पुस्तक मिटलं आणि खिडकीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"ओ दिलंस?"

"दिलंय," मी म्हटलं.

आई असती तर तिने माझी दृष्ट काढली असती, दाराला मीठ लावलं असतं. दादाने हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं, जांभळीचं मूळ धरलं होतं तसं घट्ट.

"देत रव," तो म्हणाला. "दर खेपेक देत रव. एखाद्या खेपेक मी आसतलंय."